एकटेच?

आमचा पुतण्या पुण्याला कॉम्प्युटरमध्ये असतो आणि सुट्टीत इटलीत असतो. गेल्या दिवाळीत तो सोलापूरला आला आणि फराळाच्या ताटाशेजारी मोबाइल ठेवून त्यानं मला फोटो दाखवले. तस्कनी नावाचा प्रांत. उतारावर द्राक्षाचे मळे, मधून नागमोडी रस्ता, रस्त्यावर सायकल आणि सायकलवर तो. एकटा. सकाळी ३० किलोमीटर, मग एका मळ्यावर जेवण आणि वाइन. दुपारी २० किलोमीटर, दुसऱ्या मळ्यावर वाइन आणि मुक्काम. सामान म्हणे व्हॅन आधीच पुढच्या मुक्कामी पोचवते. माझ्या हातातली चकली हातातच राहिली.

मी ५२ वर्षांचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात अकाउंटंट. एकट्यानं केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे जीएसटीच्या कामाला पुण्याला, आणि त्यातही येताना तिघांच्या बाकरवड्या आणायची जबाबदारी अंगावर होती.

"काका, तुम्हाला इटलीला यायची गरजच नाही," पुतण्या म्हणाला. "इटली तुमच्या जिल्ह्यात आलीय."

ते खरं निघालं. माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या पलीकडं मोटेवाडीला फ्राटेलीचे द्राक्षमळे आणि वायनरी आहे. फ्राटेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील, अशा तीन घरांतले भाऊ एकत्र आले आणि त्यांनी वाइन काढली. आता, आपल्या जिल्ह्यात भाऊ एकत्र येतात ते साधारण तलाठ्याच्या दारात, बांधाच्या मोजणीला. त्यामुळं या प्रकाराबद्दल मला तिथंच आदर वाटला. वाइन करायला पिएरो मासी नावाचे गृहस्थ थेट तस्कनीहून आले. तिथलं सांजोवेसे नावाचं द्राक्ष आता माळशिरसच्या उन्हात पिकतं. तस्कनीचा माणूस माळशिरसला येऊ शकतो तर सोलापूरचा का नाही? तेही सायकलवर. एकट्यानं.

मी कारखान्यातून एक कोरी रोजकीर्द आणली आणि रकाने आखले: तारीख, अंतर, चहा, जेवण, वाइन, मुक्काम, शेरा. पहिला दिवस सोलापूर ते मंगळवेढा, ५५ किलोमीटर. दुसरा दिवस मंगळवेढा ते पंढरपूर, जेमतेम २५, म्हणजे विश्रांतीचाच. तिसऱ्या दिवशी वेळापूरवरून अकलूज, संध्याकाळी वाइन. चौथ्या दिवशी टेंभुर्णी, मोहोळ करत घरी. महिना जानेवारी, कारण आमच्याकडं मे महिन्यात सायकल चालवली तर सायकल एकटीच परत येते. संक्रांतीला सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे जत्रा, त्याच्या आत घरी पोचायचं. गुगलवर चढउतार पाहिले, वारा पाहिला, दिवस मावळायची वेळ पाहिली. भिंतीवरचं कालनिर्णय तेवढं पाहिलं नाही. त्याचं पुढं येईल.

कागदपत्राच्या बाबतीत मी पक्का. मुंबईचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा. त्याखालचा मद्यसेवन परवाना एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि आजन्मही मिळतो. हिशेबानं आजन्म स्वस्त पडतो. पण तो घरात कपाटात सापडला तर आजन्म महाग पडेल, म्हणून एका दिवसाचा घ्यायचं ठरवलं.

सायकल मुलीची. कॉलेज संपल्यापासून जिन्याखाली उभी होती. गिअरची आहे, रंग फिका जांभळा आणि पुढं बास्केट. बास्केटचं काय करावं कळेना. मग लक्षात आलं, बाटली ठेवायला ते बरं.

घरी मी ही बातमी जेवताना फोडली. बायकोचा पहिला प्रश्न, "एकटेच?"

"एकटाच."

"का? माझं काय चुकलं?"

आई आतल्या खोलीतून म्हणाली, "नवस बोलला असशील तर सांग. असं लपवून फेडला तर पोचत नाही." शेजारच्या काकांनी मला कठड्यापाशी बाजूला घेतलं. "शुगर किती निघाली ओ?" कारखान्यात मालकांनी हळूच विचारलं की पगार वेळेवर होतोय ना. एक माणूस चार दिवस आपल्या खुशीनं, आपल्या पैशानं, एकटा हिंडणार, ही शक्यता सोडून सोलापूरकरांनी सगळ्या शक्यता तपासल्या.

निघायच्या पहाटे बायकोनं कॅरिअरला एक गठ्ठा बांधला. कडक भाकरी दहा, शेंगाचटणीचा डबा आणि आमच्याच कारखान्याची डबल चादर. चादर मी आदल्या रात्री किचनच्या काट्यावर ठेवून पाहिली होती, भरली दोन किलो. पुतण्यानं सांगितलं होतं की सामान ग्रॅममध्ये मोजायचं, टूथब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापायची. मी कुरकुर केली.

"सोलापूरचा माणूस लॉजच्या चादरीवर झोपणार?" बायको म्हणाली. भौगोलिक मानांकन मिळालेल्या मालापुढं वाद चालत नाही. दांडी अर्धी कापलेला ब्रश खिशात आणि दोन किलोची चादर पाठीमागं, असा मी निघालो.

तिऱ्ह्याला सीनेचा पूल ओलांडल्यावर पहिला चहा. चहावाला माझ्याकडं कमी आणि रस्त्याकडं जास्त बघत होता.

"एकटेच?"

"हो."

"बाकीचे मागनं यायलेत?"

"बाकीचे नाहीत."

त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं पाहिलं. गिऱ्हाइक म्हणालं, "गाडी विकलाव की काय ओ?" मी म्हटलं, गाडी घरी आहे. "मग पेट्रोल परवडंना का?" ते परवडतं म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. माझ्यावर उपाय नव्हता. मंगळवेढ्यापर्यंत मी मोजलं, १७ जणांनी "एकटेच?" विचारलं. त्यातले चौघे मोटारसायकल हळू करून शेजारून चालवत, सविस्तर उत्तर घेऊन पुढं गेले. हा रत्नागिरी-नागपूर महामार्ग. नव्यानं रुंद झालाय, सपाट आहे, सरळ आहे, आणि सावलीला झाड नाही. एकटं राहायला याहून चांगली जागा नाही असं वाटलं होतं.

बेगमपूरला भीमा ओलांडली की माचणूर. इथं सावलीला बसलो. इथल्याच ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं पडली होती. तंबू, हत्ती, तोफा, बाजार, मुदपाकखाना, सगळं बरोबर. मुक्कामाचं नियोजन पाहावं तर ते. तरी भीमेला पूर आला आणि छावणीची दाणादाण उडाली. मी रोजकीर्द उघडून मुक्कामाच्या रकान्यात लॉजचं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि निर्धास्त झालो.

मंगळवेढ्याच्या वेशीवर एक मुलगा मोटारसायकलवर वाट बघत उभा होता. "काकी म्हणाल्या जांभळ्या सायकलवर येतील. चला." माझ्या नियोजनाच्या आधीच बायकोचं नियोजन मंगळवेढ्यात पोचलं होतं. तिच्या मावशीचा वाडा इथं आहे, हे मला लग्नापासून माहीत होतं. रोजकीर्दीत मात्र त्यासाठी रकाना नव्हता.

"जावईबापू, एकलेच?" मावससासूबाई.

"लॉज बुक केलंय," मी म्हटलं. हे वाक्य बोलायला नको होतं. अर्धा तास त्यांनी माझ्याशी न बोलता, माझ्यासमोर, दुसऱ्यांशी माझ्याबद्दल बोलून दाखवलं. मग मला शेतावर हुरड्याला नेलं.

मंगळवेढ्याची जमीन काळी, तव्यासारखी सपाट. पाऊस बेताचा, पण ती ओल धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी त्या ओलीवर येते. या ज्वारीलाही मानांकन आहे. मालदांडी म्हणून जी जात सगळ्या महाराष्ट्रात पेरतात तीही आपल्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात निवडलेली. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव फुललेला. कोवळी कणसं त्यात खुपसायची, वरून राख ओढायची, जरा वेळानं काढायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. तळहात सोलवटतो, दाणे सुटतात. फुंकर मारली की फोलपटं उडतात आणि हातात हिरवे मऊ दाणे राहतात. ते तसेच तोंडात टाकायचे, वर शेंगाचटणी, गुळाचा खडा, सायीचं दही. चोळणारा एक गडी आणि खाणारा मी, असा वेग जुळला की मोजमाप सुटतं. चौथ्या वाटीनंतर मी "पुरे" म्हटलं. कुणी ऐकलं नाही. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाचं कोठार लोकांसाठी उघडलं ते याच गावात. तेव्हापासून मंगळवेढ्यात "पुरे" हा शब्द चालत नसावा.

हुरड्यानंतर जेवण होतं. ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा वजन दोन किलोनं वाढलेलं होतं, म्हणजे आता चादरी दोन. २५ किलोमीटरला मी चार तास लावले. पंढरपुरात शिरलो तर रस्त्यात पाय ठेवायला जागा नाही. टाळ, पताका, डोक्यावर तुळशी. एका दुकानाच्या भिंतीवर कालनिर्णय लटकलेलं दिसलं, त्यात पाहिलं. एकादशी! दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला पंढरपूरला महिन्याचे वारकरी येतात, हे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मला वाऱ्याचा वेग ठाऊक होता.

रोजकीर्दीत दुपारच्या जेवणाला एका खानावळीचं पिठलं-भाकरी आणि ठेचा लिहिलेला. खानावळीत त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी, एवढंच. मुक्कामाला एक लॉज ठरवलं होतं. काउंटरवरच्या माणसानं माझ्या मागं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"एकटेच?"

"हो."

"एकट्याला नाही देत."

"का?"

"मागं एकानं रात्री गोंधळ केला. निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले ओ. बायकामुलं असतील तर घेऊन या, आत्ता देतो."

बायकामुलं सोलापूरला आणि मी काउंटरवर. आधारकार्ड दाखवलं, कारखान्याचं ओळखपत्र दाखवलं, शेवटी रोजकीर्द दाखवली. रोजकीर्द बघून त्याचा संशय पक्का झाला. "वाइन" हा रकाना त्यानं बोटानं दाखवला. त्याखाली पंढरपूरच्या ओळीत मी स्वतःच्या हातानं आडवी रेघ मारली होती. चार दिवसांत तंतोतंत पार पडलेली नोंद तेवढी एकच.

संध्याकाळी एका मठाच्या ओसरीवर जागा मिळाली. परभणीकडची मंडळी होती, ३०-४० जण. त्यांनी "एकटेच?" विचारलं, पण उत्तराची वाट न बघता सतरंजीचं टोक सरकवलं. चादर काढली तर एका आजींनी ती दोन बोटांत चोळून पाहिली आणि "सोलापुरी" असा निकाल दिला. मग त्यांनी चौकशी चालवली. मुलं किती? दोन मुली. सायकलवर आलास? हो. एकलाच? हो. आज? हो, आजच.

आजींचे डोळे भरून आले. मला कळेना. मग त्या माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "व्हईल रं बाबा. पांडुरंग देतो. ह्या वयात बी देतो."

पौष शुद्ध एकादशी म्हणजे पुत्रदा एकादशी. तिथं जमलेल्या ३०-४० माणसांच्या लेखी मी, ५२ वर्षांचा दोन मुलींचा बाप, पोटी मुलगा यावा म्हणून उपाशी सायकल हाणत आलो होतो. मी खुलासा करायला तोंड उघडलं. पण खरं कारण सांगायचं म्हणजे काय सांगायचं, की मी वाइन प्यायला चाललोय? मी तोंड मिटलं. आजींनी कागदाच्या पुडीत कुंकू आणि बत्तासे बांधून दिले, सूनबाईला म्हणून. रात्री कीर्तन झालं, टाळ माझ्याही हातात आले. झोपताना दोन्ही बाजूंना माणसं, पायाशी माणसं, डोक्याशी पखवाज. चार दिवसांत सगळ्यात गाढ झोप मला तिथं लागली, आणि चादरीत अर्ध्या रात्रीनंतर आजींचा नातू होता.

सकाळी वाखरी, भंडीशेगाव करत वेळापूरकडं निघालो. हा पालखीमार्ग. मी उलटा चाललो होतो, पंढरीकडून, त्यामुळं मुक्काम उलटे लागत होते. पायडल मारताना एक गोष्ट डोक्यात आली आणि मी सायकल उभी केली. पालखीची सकाळची चाल, न्याहारी, दुपारचा विसावा, संध्याकाळचा मुक्काम, सगळं छापील. कोणती दिंडी कितव्या क्रमांकावर, तेही ठरलेलं. आणि सामान? ते दिंडीचा ट्रक आधीच पुढच्या मुक्कामी पोचवतो, तंबू ठोकून, भात शिजत घालून. पुतण्या इटलीत ज्या व्हॅनचं कौतुक करत होता, ती आमच्या जिल्ह्यातून दर आषाढात शेकड्यानं जाते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला ही शिस्त घातली. शिंद्यांच्या पदरी नोकरी केलेला माणूस, मुक्काम कसा हलवायचा हे त्यांना शिकवायला नको. फरक एवढाच, की तिथं एकट्यानं जायचा रकाना नाही. लाखभर माणसांत जायचं आणि आपलं आपण चालायचं.

अकलूजला तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो, रिंगण होतं. त्याच मुलखात पुढं द्राक्षाचे मळे लागतात, त्या दिवशी दुपारी लागले तसे. तारांवर वेली, ओळीत, हजेरीला उभ्या केल्यासारख्या. मी आधी फोन करून ठेवला होता. टेबलाभोवती पुण्याहून आलेली चार जोडपी होती, मोटारीतून. त्यांनी माझ्या बास्केटकडं पाहिलं आणि एकीनं विचारलं, "एकटेच?" मी नुसती मान हलवली. उत्तराचा दम संपला होता.

पेला तिरका धरायचा, रंग बघायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालायचं. काय वास येतो? कुणी म्हणालं चेरी. कुणी म्हणालं ओलं लाकूड. माझी पाळी आली. मला खरोखरच आगटीचा वास आला, राखेतून काढलेल्या कणसाचा. तसं सांगितलं तर पेले भरणारा मुलगा हसला नाही, "बरोबर, धुराची छटा आहे" म्हणाला. मंगळवेढ्याची सगळी कणसं सार्थकी लागली. मग त्यानं समोर एक भांडं सरकवलं. चव घेऊन वाइन त्यात थुंकायची म्हणे. जोडप्यांपैकी तिघांनी थुंकली. मी ३० वर्षं खर्चाचा हिशेब ठेवतोय. पैसे मोजून घेतलेली वस्तू थुंकायची हे माझ्या कोणत्याच खात्यात बसेना. मी गिळली. सहाच्या सहा.

यानंतरच्या दोन तासांची नोंद रोजकीर्दीत नाही. दारू पिऊन गाडी चालवायचा जो कायदा आहे तो मोटारवाहनाला लागू आहे, आणि सायकल मोटार नव्हे, एवढं मी जोडप्यांना बराच वेळ समजावून सांगत होतो असं अंधूक आठवतं. कायदा माफ करेल, पण मोरीचा कठडा करणार नाही, एवढं मात्र उमगलं. सायकल हातात धरून मी चालत निघालो. एक ऊसतोडीची बैलगाडी वाटेत भेटली, गाडीवानानं न विचारता सायकल उसावर टाकली. बसल्यावर म्हणाला, "एकटेच?" मी म्हटलं, "मामा, बाकीचे मागनं यायलेत." त्याचं समाधान झालं. हे उत्तर मला तिऱ्ह्यालाच सुचायला हवं होतं.

बाटली एकच घेतली, सेत्ते नावाची. इटालियनमध्ये सेत्ते म्हणजे सात. ती दोन किलोच्या चादरीत गुंडाळली आणि चादर का दिली होती ते कळलं. चौथ्या दिवशी टेंभुर्णीपर्यंत कसाबसा पोचलो. तिथं मेहुणा केळीनं भरलेला छोटा हत्ती घेऊन उभा होता. कुणी कळवलं ते विचारलं नाही. सायकल केळीवर, मी मेहुण्याशेजारी, मोहोळ कधी गेलं ते समजलं नाही.

घरी बायकोनं आधी कुंकवाची पुडी उघडली. कशाची म्हणून विचारलं, तेव्हा पुत्रदेची सगळी कथा सांगावी लागली. ती इतकी हसली की आतल्या खोलीतून आई विचारू लागली, नवस फिटला का. त्या हसण्यात मी हळूच चादर सोडली.

"हे काय?"

"द्राक्षाचा रस. माळशिरसचा."

तिनं बाटली उजेडाला धरली, लेबल वाचलं, रोजकीर्द वाचली, आणि बाटली देव्हाऱ्यापासून सगळ्यात लांब, माळ्यावर लोणच्याच्या बरण्यांमागं ठेवली. फेकली नाही. संक्रांत झाली, गड्डा उठला, उन्हं तापायला लागली, बाटली तिथंच आहे. कारण तिला बूच आहे आणि बूच काढायचा स्क्रू आमच्या घरात नाही. चाटी गल्लीपासून सात रस्त्यापर्यंत हार्डवेअरच्या दुकानांत विचारलं. एकानं प्लंबरचा पाना दाखवला.

तर वाचकांपैकी कुणाकडं तसा स्क्रू असेल तर घेऊन यावं. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि चादर आमच्याकडं आहे. फक्त एकटेच या. बाटली एकच आहे.